जोडीचं ताट

"असंच दुसरं पायजे," आप्पासाहेब म्हणाले. "हुबेहूब. पण पितळंचं. वरनं चांदीचा मुलामा द्यायचा."

माझ्या टेबलावर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक चांदीचं ताट होतं. मी फडकं बाजूला केलं आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. परातीपेक्षा जरा लहान, जेवणाच्या ताटापेक्षा बरंच मोठं. मधला भाग सपाट. काठ मात्र चार बोटं रुंद, आणि त्यावर आंब्याची वेलबुट्टी फिरलेली. पानं, कैऱ्या, मधूनच एक राघू. सगळं मागून ठोकून वर उठवलेलं काम. पानाच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. खोलगट जागांत काळा रंग साचला होता, त्यामुळे वेल ताटावर उगवल्यासारखी दिसत होती.

"कोणाचं काम?" मी विचारलं.

"पणजोबांच्या वेळचं हाये. जोडी व्हती ह्याची. दुसरं ताट आमच्या आत्याबरोबर सासरी गेलं, ते गेलंच. आता मला परत जोडी पायजे."

माझा धंदा इलेक्ट्रोप्लेटिंगचा. म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवायचा. मोटारसायकलचा सायलेन्सर लखलखतो तो या थरामुळे, आत साधं लोखंडच असतं. भोसरीच्या एका कारखान्यात मी प्लेटिंग शॉपचा सुपरवायझर होतो. तो कारखाना बंद पडला तेव्हा गावाकडे आलो आणि जुन्नर-नारायणगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या टाक्या मांडल्या. गिऱ्हाइकं म्हणाल तर बँडवाल्यांचे कर्णे, देवळांच्या समया, गाड्यांचे बंपर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या काळात आमच्या भागात जे चकाकत होतं त्यातलं बरंच माझ्या टाकीतून निघालेलं होतं, असं म्हटलं तर फार बढाई होणार नाही.

आप्पासाहेब मंचरचे मोठे अडतदार. कांदा-बटाट्याच्या व्यापारात नाव, नवा बंगला, दारात गाडी. मंचरात सोनार काही कमी नव्हते. मग हा माणूस तालुका ओलांडून माझ्या शेडमध्ये का आला, हे मी विचारलं नाही. मंचरच्या सोनाराला कळलं म्हणजे मंचरला कळलं, एवढं मलाही समजत होतं.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला यायचेत. दोन्ही."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात आणि जावयाला वाण देतात. आमच्या बौद्ध घरात हे काही नसतं, पण शेजारीपाजारी बघत मोठा झालो, त्यामुळे माहीत होतं. आप्पासाहेबांच्या घरची रीत थोडी वेगळी होती. जावई ज्या ताटात जेवला तेच ताट धुऊन, त्यात अनारसे भरून, वर दिवा लावून त्याला द्यायचं. म्हणजे ताट कायमचं जावयाचं.

"एकच ताट आहे आणि जावई दोन, असं आहे तर," मी म्हणालो.

"आसंच हाये."

"मग दुसरं चांदीचंच घडवा की. तुम्हाला काय अवघड आहे?"

आप्पासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"थोरले जावई पुण्याचे. बिल्डर हायेत, मोठ्या घरचे. चांदीचं त्यांना. मला पोरगा न्हाई. पिढीजात वस्तू तिकडंच गेली पायजे, तिथं तिची किंमत हाये. धाकटीनं तिच्या मनानं केलं. कोर्टात. घोडेगावच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला हाये तो पोरगा. मी आमच्या घरात त्याला येऊच दिलं नव्हतं. आता बायकोनं अन्नपाणी सोडायची भाषा केली, म्हणून बोलावतोय. चार लोक असणार, दोन्ही ताटं सारखी दिसली म्हंजी झालं."

"आणि धाकट्या जावयांच्या घरी ते घासायला लागले म्हणजे?"

"त्यांना काय कळतंय, भाऊ? कदी बघितलीया का त्या लोकांनी चांदी?"

माझ्या डोक्यात सणक गेली, हे सरळ सांगतो.

मी त्या लोकांतलाच. लेण्याद्रीच्या पायथ्याला माझं गाव. आजोबांनी धर्मांतरानंतर गावकीची कामं टाकली, वडील पुण्याला कारखान्यात लागले, आणि मी हा असा. दुकानाच्या पाटीवर आडनाव नव्हतं, नुसतं 'सुधाकर प्लेटिंग वर्क्स' होतं. टेबलामागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आप्पासाहेबांचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष ताटाकडे होतं.

आणि तो रक्त-लघवी तपासणारा पोरगा मला माहीत होता. मिलिंद त्याचं नाव. आमच्या शेजारच्या गावचा, जयंतीच्या कार्यक्रमात भेटायचा. बोलायला शांत, हसायला मोकळा. त्याची बायको वैशाली, आप्पासाहेबांची धाकटी, हिला मी एकदाच पाहिली होती. लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली होती आणि ती पोरगी एकदाही माहेरी गेली नव्हती. ती आता ताट घेऊन परत जाणार. वर्षभर घासून एक दिवस काठावर पिवळं पितळ दिसणार. बापानं आपल्याला कुठं ठेवलंय हे तिला त्या दिवशी मोरीत बसून कळणार. पुन्हा ती त्या घराची पायरी चढली असती असं मला वाटत नाही.

काम नाकारावं असं मनात आलं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तू नाही केलंस तर तो पुण्यातून करून आणेल. तेही भिकार. निदान मुलामा तरी नीट बसू दे."

तिचं बरोबर होतं. मी काम घेतलं.

पितळेचं ताट पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराकडून घडवून घेतलं. जुनं ताट शेजारी ठेवून त्यानं वेल उठवली. राघूची चोच जरा जाड झाली, बाकी सुरेख. वजन हाताला सारखं लागावं म्हणून पत्रा जाड घेतला. मग ते माझ्याकडे आलं.

चांदी चढवण्याआधीच खरं काम असतं. वस्तू आधी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, घासून गुळगुळीत करायची. मग तिच्यावरचं तेल काढायचं. बोटाचा ठसा राहिला तर तिथं थर धरत नाही, महिन्याभरात पापुद्रा निघतो. मग ॲसिडमध्ये बुडवायची, पाण्यात धुवायची, आणि मग चांदीच्या टाकीत टांगायची. एका बाजूला शुद्ध चांदीची पट्टी, दुसऱ्या बाजूला ताट. मधून करंट सोडला की पट्टीवरची चांदी सुटते आणि ताटावर जाऊन बसते. ही टाकी विषारी असते, म्हणून तिच्याजवळ मी दुसऱ्या कोणाला फिरकू देत नसे.

अर्धं काम झालं आणि लाईट गेली. आमच्या भागात तेव्हा लाईट जाणं ही बातमी नव्हती. पण अर्धवट थर टाकीत तसाच राहू दिला तर वरचा थर खालच्याला धरत नाही. ताट बाहेर काढलं, लाईट आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोणाला कळलं नसतं, पण मला कळलं असतं. नेहमीपेक्षा जाड थर दिला. या पोरीला पितळ दिसायचंच असेल तर जितकं उशिरा दिसेल तितकं बरं, एवढाच विचार होता.

दोन दिवसांनी आप्पासाहेब बघायला आले. दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली. नवं ताट नुसतं झगमगत होतं. जुन्याच्या काठावर काळा रंग, मध्ये शांत, दुधी चकाकी.

"सारखी दिसायला हवी असतील तर दोनच रस्ते आहेत," मी म्हणालो. "एक तर जुन्याच्या नक्षीतला काळा काढतो, तेही असंच झगमगेल. नाहीतर नव्याच्या नक्षीत गंधकाच्या पाण्यानं काळा भरतो. म्हणजे तेही जुनं दिसेल."

"जुन्याला हात लावायचा न्हाई," ते ताडकन म्हणाले. "पिढीजात हाये हे दिसलं पायजे लोकांना. काळं हाये म्हणून तर जुनं वाटतंय."

हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. जुन्या चांदीतला काळा घालवणं म्हणजे नक्षीचा जीव घालवणं.

"मग नव्यात काळा भरतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको. ऱ्हाऊ द्या. मी म्हनणार नवीन घडवलं, पुण्यातनं. चमकलं की खूश व्हत्यात ते लोक."

मी फक्त म्हणालो, "बघा हं. शेजारी शेजारी मांडणार आहात."

"भाऊ, तुमी तुमचं काम करा."

केलं. बफवरून ताट आणखी एकदा फिरवून आणलं. आता त्यात तोंड बघून दाढी करता आली असती.

जेवणाच्या दिवशी ताटं मीच घेऊन यावीत असा त्यांचा हट्ट. गाडीत कोणाचा हात लागून डाग पडायला नको. मी जीपने मंचरला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. बंगल्याच्या हॉलमध्ये शिरताच समोर भिंतभर काचेचं शोकेस. आतमध्ये ट्यूबलाईट. अत्तरदाणी, गुलाबदाणी, मोराच्या आकाराचा पानडबा, तबक, तांब्या-भांडी, सगळी जुनी चांदी. प्रत्येक वस्तू अशी ठेवलेली की सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून एकही सुटू नये. मधली एक जागा रिकामी होती. तिथं ते ताट असायचं.

"कधी वापरता का हो यातलं?" मी आप्पासाहेबांच्या पत्नीला सहज विचारलं. त्यांना सगळे अक्का म्हणत.

"वापरत्यात व्हय! दिवाळीला काढायची, पुसायची, परत ठेवायची. लगीन होऊन आले तवापासनं पुसतीया. त्याच्यात घोटभर पाणी म्हणून प्याले नाय."

पाहुणे म्हणजे आप्पासाहेबांचे दोन अडतदार मित्र, शेजारचे एक निवृत्त हेडमास्तर. थोरले जावई राजेंद्रराव पांढऱ्या सफारी सूटमध्ये आले. बरोबर थोरली मुलगी ज्योती. राजेंद्ररावांच्या हातातला मोबाईल तेव्हा मंचरात नवलाचा होता. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा धरला होता, आणि त्याला रेंज नव्हती.

मिलिंद आणि वैशाली एसटीने आले. वैशाली दारात थबकली. अक्का पुढे झाल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लेकीला पोटाशी धरून भर हॉलमध्ये रडल्या. आप्पासाहेब शोकेसकडे बघत उभे राहिले. मग रुमालानं काच पुसायला लागले, काच स्वच्छच होती. माणूस वाईट नव्हता. अडकलेला होता.

मिलिंद अक्कांना वाकून म्हणाला, "आई, एक सांगतो. पूजाबिजा नको माझी. जेवायला मात्र पोटभर जेवणार."

"पूजा नाय तर नाय," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "जेव म्हंजी झालं."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. चेहरा खुलला. "अरे! जयभीम, सुधाकरभाऊ! तुम्ही इथं कसे?"

"जयभीम," मी म्हणालो. "कामाला आलो होतो."

आप्पासाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मिलिंदकडे. मग परत माझ्याकडे. त्या क्षणापासून जेवण उठेपर्यंत त्या माणसाची नजर माझ्या तोंडावर होती. हा बोलतोय की काय, एवढंच त्यांच्या मनात असणार. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पंगत हॉलमध्येच खाली बसली. पाट, रांगोळ्या. थोरल्या जावयासमोर पणजोबांचं ताट, धाकट्यासमोर माझं. बाकी आम्हाला स्टील. मीठ-लिंबू आणि भजी वाढून झाली होती, अक्का पुरणाचे धोंडे घेऊन येतच होत्या. आप्पासाहेबांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "दोन्ही जावई मला सारखे. हे आमच्या पणजोबांचं. आन् हे मिलिंदरावांसाठी मुद्दाम नवीन घडवून घेतलं. पुण्यातनं. असल चांदी."

हेडमास्तरांनी मान डोलावली. अडतदार म्हणाले, "वा! काय चमक हाये, राव!"

राजेंद्ररावांनी शेजारच्या ताटाकडे पाहिलं. मग आपल्या ताटाकडे. मग काठावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"माझं जरा काळं पडलंय का हो?"

"अहो," ज्योती मागून हळूच म्हणाली, "ते पणजोबांचं आहे. जुनं आहे."

"जुनं म्हणजे वापरलेलंच ना?" राजेंद्ररावांनी आवाज काही खाली आणला नाही. "आईला काय सांगू घरी? पहिल्या धोंड्याला सासऱ्यांनी सेकंडहँड ताट दिलं? आणि धाकट्यांना ऑर्डर देऊन नवीन?"

जावयाचा रुसवा ज्यानं पाहिला नाही त्याला पुढचं समजायचं नाही. राजेंद्रराव बोलायचे थांबले. हात मांडीवर घेतले. नजर छताच्या पंख्याकडे लावली. अक्का धोंड्यांची परात घेऊन तशाच उभ्या. जावई जेवत नाही तोवर पंगतीतला कोणी घास उचलू शकत नाही, त्यामुळे भजी समोर असून आम्ही सगळे उपाशी.

"रावसाहेब, आवो, ते अँटिक हाये!" आप्पासाहेब काकुळतीला आले. "लाख मोलाचं हाये!"

"मग तेवढ्या मोलाचं तुमच्याकडेच असू द्या."

तेव्हा मिलिंद हसत म्हणाला, "दादा, तुम्ही हे घ्या ना. मला जुनं आवडेल. नक्षी छान आहे त्याची."

"न्हाई!" आप्पासाहेब ओरडलेच. "न्हाई न्हाई! आजिबात न्हाई!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कोणालाच कळेना की एवढी साधी अदलाबदल करायला नाही का म्हणायचं. आप्पासाहेबांना कारण माहीत होतं. मला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे भर पंगतीत, दोन अडतदार आणि एका हेडमास्तरासमोर सांगायचं, की असल चांदी म्हणालो ते पितळ आहे. घामानं त्यांची टोपी ओली झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाची फोड निरखत होतो.

"म्हणजे मी म्हणालो ते बरोबर," राजेंद्रराव उठायला लागले. "चांगलं ताट धाकट्यांना."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या दिवसांनी माहेरी आली आणि आल्या आल्या तिच्या नवऱ्यावरून भांडण. मला वाटलं, संपलं. आता ही दोघं न जेवताच उठून जाणार, आणि पुन्हा यायची नाहीत.

अक्कांनी परात खाली ठेवली. शांतपणे पुढे आल्या. राजेंद्ररावांचं ताट उचललं, मिलिंदचं उचललं, आणि दोन्हींची जागा बदलली. मीठ-लिंबासकट.

"बसा जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनासारखं झालं न्हवं? ह्यास्नी काय कळत नाय. बसा. धोंडे गार व्हत्यात."

राजेंद्रराव बसले. चकचकीत ताटात स्वतःचं तोंड बघून खूश झाले आणि धोंड्यावर तुपाची धार सोडायला त्यांनी हात पुढे केला. मिलिंदने पणजोबांच्या ताटातल्या राघूवरून एकदा अंगठा फिरवला. मग पोटभर जेवणार म्हणाला होता तसा जेवला. आप्पासाहेबांनी एक धोंडा चिवडला आणि तसाच ठेवला.

जेवणं झाल्यावर ताटं धुवायला आत गेली. कामाच्या बाईनं तारेची घासणी उचललेली मला दिसली आणि मी नकळत उठलो. तेवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला.

"त्याला घासणी लावू नगं गं. नुसतं पाण्यानं धू. त्ये चकचकीत हाये ना, त्ये लई नाजूक हाये."

मी दारापर्यंत गेलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? खरी चांदी आणली असती तर ह्यांनी सगळ्या मंचरला दाखवली असती. पंगत बसंपातूर पिशवीतनं बाहेर काढलं नाय, तवाच वळखलं." त्या पदराने ताट पुसायला लागल्या. "दोन्ही लेकी माझ्याच हायेत, भाऊ. थोरलीकडं सगळं हाये. ही काय घेऊन गेली व्हती घरातनं? अंगावरची साडी."

अनारसे भरून, दिवे लावून ताटं दिली गेली. झगमगणारं पुण्याच्या गाडीत बसलं. दुसरं एका नायलॉनच्या पिशवीतून घोडेगावच्या एसटीत.

आप्पासाहेब मला सोडायला फाटकापर्यंत आले. मग म्हणाले, "मुलामा किती दिवस टिकंल?"

"रोज घासला तर दोन-तीन वर्षं. शोकेसमध्ये ठेवला तर तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत."

त्यांनी थोडा विचार केला. "ते शोकेसमधीच ठेवणार."

"मग काळजी नको."

"तुमी..." ते थांबले. "तुमी मला आदी का न्हाई सांगितलं, तुमी कोण ते?"

"तुम्ही ताटाबद्दल विचारलं होतं, आप्पासाहेब. माझ्याबद्दल नाही."

मी जीपमध्ये बसलो.

मला वाटलं होतं ते काही ना काही निमित्त काढून ताट परत मागवतील. मागवलं नाही. अक्कांनी मागवू दिलं नसणार. अक्का मात्र घोडेगावला जायला लागल्या, हे मला मिलिंदकडून कळत होतं. आप्पासाहेब जात नव्हते. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी रीत त्यांना फार सोयीची पडली होती.

मग पुढच्या वर्षी एका सकाळी त्यांची गाडी माझ्या शेडसमोर थांबली. हातात तेच धोतराचं फडकं. फडकं सोडलं, तर पणजोबांचं ताट. पण मी आधी ओळखलंच नाही. काठातला सगळा काळा गेला होता. आंब्याची पानं, कैऱ्या, राघू, सगळं एकसारखं पांढरंशुभ्र. आणि काठाला एका जागी चीर.

"फुटलं कसं?"

"मोरीत पडलं. रोज वापरत्यात, राव!" त्यांनी कपाळाला हात लावला, पण आवाजात राग नव्हता. "रोज! आज मिलिंद जेवतोय त्याच्यात, उद्या ईनबाई, परवा वैशाली. ज्याचा नंबर यील त्यो. आन् राखंनी घासत्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी गेलो व्हतो की." ते खुर्चीत बसले. "नात झाली न्हवं. बघायला गेलो. दोन खोल्यांचं घर. ईनबाईनी पाट मांडला, आन् समोर हे ताट. मी म्हनलं, आवो, मला स्टीलमधी वाढा. तर म्हनल्या, आज तुमचा नंबर."

"काय होतं जेवायला?"

"मटकीची उसळ. बाजरीची भाकर." ते ताटाकडे बघत राहिले. "सुधाकरभाऊ, माझ्या पणजोबांपासनं हे ताट आमच्या घरात हाये. माझा बाप त्याच्यात जेवला न्हाई. आजा जेवला न्हाई. मी पैल्यांदा जेवलो. त्या घरात."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग पहिल्यांदाच भिंतीवरच्या तसबिरीकडे त्यांची नजर गेली. बराच वेळ बघत होते. मग पाणी प्याले.

चीर झाळणं अवघड नव्हतं. चांदीचाच डाग दिला, वरून हलकं घासलं, सांधा दिसेनासा झाला. एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

"नक्षीतला काळा परत भरून देऊ का? पहिल्यासारखं जुनं दिसेल."

"नको," आप्पासाहेब म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आसंच. रोजच्या वापरातलं हाये ते."

राजेंद्ररावांचं ताट अजून पुण्यात शोकेसमध्ये आहे. मध्ये एकदा ज्योतीताईंनी पुसायला म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं. थर कुठंही उडालेला नाही. पण काळं मात्र पडलं होतं, चांगलंच. ज्यांना घरी चांदी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की काचेआड ठेवलेली चांदी हवेनंसुद्धा काळी पडते. रोज जेवून रोज धुतलेली पडत नाही.